सवतीच्या दारात

आमच्या ह्यांची दुसरी बाई बारा मजली आहे. अंगाने पांढरीशुभ्र, कमरेला निळा पट्टा, आणि रात्रभर दिवे लावून बसायची सवय. मी गंमत करत नाहीये. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हे एका क्रूझ बोटीवर लाँड्रीत कामाला लागले आणि पुढची बावीस वर्षं मी ह्या माणसाला तिच्याबरोबर वाटून घेतलं. वाटणी तरी सरळ कुठे होती? दहा महिने ती, दोन महिने मी. आणि माझ्या वाट्याच्या दोन महिन्यांतही तोंडात नाव तिचंच.

ह्यांचं काम कपडे धुण्याचं. चादरी, टॉवेल, जेवणाच्या टेबलांवरची कापडं, वाढप्यांचे पांढरे कोट. बोटीच्या अगदी तळाशी, जिथे एकही खिडकी नाही अशा जागी एक लांबलचक यंत्र असतं. त्यात एका बाजूने ओली चादर घालायची आणि दुसऱ्या बाजूने ती कोरडी, इस्त्री होऊन बाहेर येते. त्या यंत्राच्या तोंडाशी हे उभे असायचे. गंमत बघा, माणूस बावीस वर्षं समुद्रावर होता आणि त्याने समुद्र पाहिला तो चहाच्या सुट्टीत, मागच्या एका दारातून. वरच्या मजल्यांवर पाऊल टाकायची लाँड्रीवाल्यांना परवानगीच नव्हती. ह्यांचे हात अजून कोपरापर्यंत लालसर आहेत, बाकी अंग मात्र वाफेत राहून राहून फिकट पडलंय. कपड्याला खळ द्यावी तर ह्यांनीच. कॉलर अशी ताठ की घालणाऱ्याने मान वळवताना विचार करावा. त्यावरून बोटीवर ह्यांना सगळे ‘कडक’ म्हणायचे. घरी कोणी म्हणत नाही. घरी ते ‘अहो’ आहेत.

फोन यायचा तेव्हा पाठीमागे तिची घरघर ऐकू यायची. मी इकडचं सांगायचे, हे तिकडचं सांगायचे, आणि शेवटी मी दर वेळी एकच विचारायचे, “कधी येताय?”

“ते काय माझ्या हातात आहे?” हे म्हणायचे. “बोटीच्या हातात.”

करार कधी संपतो ते मला तोंडपाठ असायचं. तरी विचारायचे. आणि ते उत्तर ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी गप्प बसायचे, आणि ह्यांना वाटायचं फोन कटला.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. मी म्हटलं, चला, सुटलो. कसचं काय. माणूस घरी आला, पण त्याचं लक्ष तिकडेच. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता, तो बाजूला सरकला आणि मध्यभागी लाँड्रीतली मंडळी आली, पांढऱ्या कपड्यांत, खांद्याला खांदा लावून. त्यात ह्यांच्या शेजारी एक बाई हसत उभी आहे. ती चादरवाली, म्हणजे बोटीवरच्या चादरी-टॉवेलांचं कोठार सांभाळणारी. “ती कशी मोजायची माहितीये? नुसता हात फिरवून.” “तिच्या हाताखाली एक टॉवेल इकडचा तिकडे होत नसे.” मी घरात शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करते, चेनी बदलते, इतकी वर्षं त्याच यंत्रावर मुलगी वाढवली, माझ्या हाताखाली काय इकडचं तिकडे होतं हे ह्यांनी कधी पाहिलंय? त्यात न्हाणीघरातल्या टॉवेलांचे हत्ती करून ठेवायची खोड. अंग पुसायला जावं तर सोंड हातात यायची.

आणि मग आमच्या लेकीला उमाळा आला. ती आणि जावई दूरच्या शहरात असतात. तिने आम्हा दोघांची तिकिटं काढली, क्रूझची, आणि तीही त्याच बोटीची. आपल्या बंदरातून निघायचं, परदेशातली दोन बंदरं करायची आणि परत. वरचा मजला, स्वतःची खिडकी असलेली खोली. ह्यांनी तिकीट हातात घेतलं आणि खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, “नववा मजला. मी पाचव्याच्या वर कधी गेलेलो नाही.” त्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी खळ लावून इस्त्री केल्या. आनंद झाला की हे असं करतात.

माझंही मन हललं, पण निराळ्या कारणाने. मला तिला बघायचं होतं. नीट, आतून, वरपासून खालपर्यंत. असं काय आहे तिच्यात? आणि ह्यांच्याबरोबर, पुढच्या दाराने, प्रवाशांच्या जिन्याने, ह्यांचा हात धरून चढायचं होतं. तिच्या डोळ्यांदेखत. त्या बोटीवर हे इस्त्रीसमोर घाम गाळत उभे होते ते दिवस तिचे. ह्यांनी खिडकीशी बसून समुद्र बघायचा तो दिवस माझ्या वाट्याला यायला हवा, एवढंच मला वाटत होतं. मी दोन नवे कपडे शिवले आणि त्यांना खिसे लावले.

कागदपत्रांसाठी आम्ही चौकातल्या सहलवाल्याकडे गेलो. तरुण आहे, पण बोलायला गोड, आणि कागदाच्या बाबतीत चिवट. भिंतीवर सगळ्या देशांची घड्याळं लावलीयेत, त्यातली दोन बंद आहेत. म्हणाला, “काका, पासपोर्ट प्रवास संपल्यावरही सहा महिने चालला पाहिजे. तुमचा चालतोय. काकूंचा नवा काढू. आणि दुसऱ्या बंदराचा व्हिसा लागेल, दोघांनाही. बोट तिथे मुक्कामाला आहे, रात्री उतरा नाही तर नका उतरू, व्हिसा हवाच.”

हे हसले. मग त्यांनी पिशवीतून खलाशाची पुस्तिका काढली. निळी, कोपरे झिजलेली, आत पानोपानी शिक्के, कोणत्या तारखेला बोटीवर चढले, कोणत्या तारखेला उतरले. आमच्या लग्नाच्या दाखल्याला एवढं जपलं नसेल. म्हणाले, “त्या बंदरात मी किती वेळा उतरलोय, ठाऊक आहे? ही दाखवायची आणि चालू लागायचं. अधिकारी हात करायचे मला.”

“तेव्हा तुम्ही कामावर होता, काका. आता प्रवासी आहात.”

“बंदर तेच ना? बोट तीच ना? मग?”

सहलवाल्याने आणखी दोनदा सांगून पाहिलं. मी म्हटलं, “अहो, घेऊन टाका ना. माझा काढतोच आहे, त्यात तुमचाही निघेल.”

“तुझं वेगळं. तू नवखी. तुला कोण ओळखतं तिकडे?”

झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी तोंडाला कुलूप लावलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मनातल्या मनात मी म्हटलं, बरोबर आहे, माझेच कागद लागणार. घरच्या माणसाला कोण कागद विचारतं? ती ह्यांना बघताच दार उघडेल, आणि मी पाहुणी म्हणून मागे उभी राहीन, हातात सगळी प्रमाणपत्रं घेऊन. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. माझं उलट झालं, मला नसलेलं दिसायला लागलं. सहलवाल्याने एका कागदावर ह्यांची सही घेतली, की व्हिसाची जबाबदारी माझी मी घेतली आहे. ह्यांनी ती सही अशी झोकात केली की कागद फाटायचाच राहिला.

मग माझीच काय ती वरात. फोटो काढायला गेले तर फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, दात दिसायला नकोत. म्हटलं, काढा, हसण्यासारखं काही घडलेलं नाही. पहिल्या फटक्यात चांगला आला. बोटांचे ठसे घ्यायला बसवलं तर सुईने टोचून टोचून माझी बोटं अशी झालीत की यंत्राला ठसा लागेना. तिथल्या बाईने तीन वेळा माझी बोटं ओल्या कापडाने पुसली. व्हिसाच्या खिडकीत विचारलं, कशासाठी जाताय? मी म्हटलं, बघायला. काय बघायला? म्हटलं, बोट. खिडकीतल्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ‘पर्यटन’ असं लिहिलं. सोबत कोण आहे, विचारलं. मी म्हटलं, “यजमान. त्यांना व्हिसा लागत नाही.” आणि हे सांगताना माझा आवाज तोऱ्यात आला होता, हे मला बाहेर आल्यावर जाणवलं. सवतीच्या घरातल्या मानमरातबाचा मला तोरा.

निघायच्या दिवशी ह्यांनी पांढरा शर्ट घातला. कॉलर बघून रिक्षावाल्यानेही मागे वळून पाहिलं. बंदरावर पोचलो आणि ती दिसली. आम्ही लहान मुलांसारखे माना मागे टाकून उभे राहिलो. मी मनात म्हटलं, असेल, सुंदर आहे, मान्य आहे. मान्य करताना पोटात दुखलं.

ह्यांचे पाय आपोआप डावीकडे वळले, कामगारांच्या फाटकाकडे. तिथला पहारेकरी नवा होता. “प्रवाशांनी तिकडून,” तो म्हणाला. हे हसून माझ्याकडे बघत म्हणाले, “सवय.” मग आम्ही मोठ्या दालनात आलो, काचेची दारं, थंड हवा, लांब रांग. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट घेतला, व्हिसाचं पान पाहिलं, माझा फोटो काढला आणि एक कार्ड माझ्या हातात दिलं. “ही तुमच्या खोलीची किल्ली. बोटीवर सगळीकडे हेच चालेल.” दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग ह्यांचा पासपोर्ट. तिने पानं उलटली. पुन्हा उलटली. “सर, व्हिसा?”

ह्यांनी खिशातून पुस्तिका काढली आणि काउंटरवर अशी ठेवली, जसा पत्त्यांच्या डावात कोणी हुकमाचा एक्का ठेवावा. मुलीने ती उघडली, मग वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ म्हणजे चष्मा लावलेला, सभ्य माणूस. त्याने एकेक पान आदराने पाहिलं, हे मी सांगते, त्याने टिंगल केली नाही. म्हणाला, “ह्याच बोटीवर होता तुम्ही?”

“बावीस वर्षं. लाँड्री. खाली कोणालाही विचारा, कडक म्हणून.”

“सर, ही कामावरच्या माणसाची. तेव्हा त्या बंदरात कंपनी तुमची जामीन असायची. आता तुम्ही प्रवासी. व्हिसा नसेल तर ते आम्हाला जाब विचारतील. मला तुम्हाला चढवता येणार नाही.”

“मी उतरणार नाही तिथे. खोलीत बसून राहीन.”

“तरी नाही, सर.”

“खाली राहीन. खाली मला जागा माहिती आहे.”

हे ऐकून त्या माणसानेही मान खाली घातली. मागे रांग खोळंबली होती, कोणाचं तरी मूल रडत होतं. हे बोलत राहिले, कोणाकोणाची नावं घेत राहिले, त्यातले निम्मे केव्हाच सोडून गेलेले. आणि मी? मी खोटं बोलणार नाही. पहिल्यांदा मला बरं वाटलं. इतका गारवा वाटला छातीत, म्हणून सांगते. बावीस वर्षं जिच्यासाठी हा माणूस घरातून निघून जायचा, तिने त्याला दारातून परत पाठवलं, सगळ्यांदेखत. बघा म्हटलं, बघा तिची माया. मग माझी नजर ह्यांच्या कॉलरकडे गेली. ती तशीच ताठ होती, पण मान तिच्या आत कुठेतरी खाली गेली होती. माझा गारवा तिथेच संपला.

आम्ही बाजूला एका बाकावर बसलो. ह्यांनी पुस्तिका खिशात घातली, परत काढली, परत घातली. मग म्हणाले, “चल, जाऊ घरी.”

माझ्या हातात कार्ड होतं. मी म्हटलं, “मी जाते.”

“कुठे?”

“बोटीवर.”

“एकटी?”

“तुम्ही कोणाला घेऊन जात होता?”

मला वाटलं चिडतील, आणि चिडले असते तर मी कदाचित परत फिरले असते. पण ते नुसतेच उठले आणि माझी बॅग उचलून काचेच्या दारापर्यंत आले. त्यापुढे त्यांना येता येत नव्हतं. “जिने उतरताना डावा कठडा धर,” म्हणाले. “उजवा सैल आहे.” मी जिन्याच्या वरून वळून पाहिलं. पांढरा शर्ट तिथेच उभा होता. इतकी वर्षं निरोप देत खाली मी उभी राहत असे, कामगारांच्या फाटकाच्या अलीकडे, आणि मला आजवर माहीत नव्हतं की वरून माणूस इतका लहान दिसतो.

नवव्या मजल्यावर खोली चांगली होती. खिडकीबाहेर नुसतं पाणी. पलंगावर टॉवेलाचा हत्ती बसवलेला होता, ह्यांच्या हत्तीसारखाच, फक्त सोंड डाव्या अंगाला. मी त्याची घडी मोडली आणि पहिल्यांदा पोटभर रडले. मग तोंड धुऊन, खोली आवरायला आलेल्या बाईला विचारलं, चादरवाली अजून आहे का? मला खाली जाता येणार नव्हतं, पण दुपारी ती स्वतःच वर आली, सुट्टीत, चोरून, चपला हातात घेऊन. फोटोतल्यापेक्षा म्हातारी. केस पांढरे, आणि डोळे असे की समोरच्याची घडी नीट आहे की नाही ते आधी बघणार.

“तुम्ही कडकची बायको ना?” ती म्हणाली. “तो कुठाय?”

तो. मी आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले आणि ही म्हणते तो. मी सांगितलं काय झालं ते. ती खो खो हसली, मग हसता हसता डोळे पुसले. “वेडा आहे. पुस्तिका दाखवली? मी तिथे असते तर त्याला कान धरून व्हिसा काढायला लावलं असतं.” माझ्या जिभेवर आलं होतं की मीही सांगितलं होतं, पण गिळलं.

“तुम्हाला एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही अजून दोरा दातानेच तोडता का?”

माझा हात ओठांशी गेला.

“आणि झोपताना स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवता. आणि मुलीच्या लहानपणी तिच्या फ्रॉकला आतून एक खिसा लावला होता, त्यात ती खडे लपवायची. आणि रागावलात की फोनवर बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. अहो, आम्हाला पाठ आहे सगळं. दिवसभर यंत्राच्या तोंडाशी उभा राहून दुसरं काही बोलायचाच नाही. कंटाळा यायचा आम्हाला. एकदा मी म्हटलं त्याला, एवढी आठवण येते तर हे तिलाच सांग ना.”

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मी नाही विरघळले. माझं कौतुक, माझ्या घरचं, माझ्या नावचं, बावीस वर्षं रोजच्या रोज ह्या बाईने ऐकलं. माझ्या वाट्याला काय आलं? बोट. बोटीवर माझं बोलायचे, घरी बोटीचं. दोघींनाही त्या माणसाने दुसरीचंच दिलं. मी तिला म्हटलं, “मला तुमच्याबद्दल बावीस वर्षं पोटात दुखत होतं.”

“माझ्याबद्दल?” ती म्हणाली, आणि चपला पायात घालून बघत बसली. मग म्हणाली, “मला तुमच्याबद्दल. माझी आठवण अशी कोणी कधी काढली नाही.” ती गेल्यावर मी पाहिलं, बोलता बोलता तिने मोडलेल्या हत्तीचा पुन्हा चौकोनी टॉवेल करून ठेवला होता. चारी कडा अगदी जुळलेल्या.

संध्याकाळी जेवायला एका मोठ्या टेबलावर बसवलं. शेजारी एक दंतवैद्य आणि त्यांची बायको. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगायला लागले, आमच्या ह्यांची कॉलर कशी असते, चादरी कशा इस्त्री करतात, फोनवर काय बोलतात. बराच वेळ बोलत होते. दंतवैद्यांची बायको दोनदा घड्याळाकडे बघताना दिसली तेव्हा कुठे मी थांबले.

खोलीत आले तोच फोन वाजला. पाठीमागे माझ्या शिवणयंत्राशेजारच्या पंख्याचा आवाज. वाटलं, आता विचारतील, ती कशी आहे, यंत्र तेच आहे का, कोण कोण भेटलं. नाही विचारलं. म्हणाले, एक बाई चेन बदललेला कोट न्यायला आली होती, मला सापडला नाही. म्हटलं, दाराच्या मागे, खुंटीवर. म्हणाले, दोरा कापायची कात्री कुठे असते गं, मी म्हटलं कात्री नाही, मी दाताने तोडते.

“कधी येतेस?” त्यांनी विचारलं.

परतीची तारीख त्यांना तोंडपाठ होती. तिकीट त्यांनीच देवासारखं कपाटात जपलं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंधारात पाणी मागे मागे जात होतं.

“ते काय माझ्या हातात आहे?” मी म्हटलं. “बोटीच्या हातात.”

तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग नीट कान दिला तेव्हा श्वास ऐकू आला.